पुढच्या ट्रान्सफर विंडोआधी हिशेब मांडा

भारतातल्या फुटबॉल क्लबांच्या मालकांनो, संचालकांनो आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या पदाधिकाऱ्यांनो, हा इशारा तुम्हाला आहे. एका खेळाडूवरून दोन क्लब भांडतात, दोन्हीकडून वकील उभे राहतात, समिती बसते, समितीच्या निकालाविरुद्ध कोर्टात धाव घेतली जाते, आणि या सगळ्याचं बिल येतं ज्यांनी कुठल्याच कागदावर सही केलेली नसते त्यांच्या माथी. हे आम्ही बरीच वर्षं पाहत आलो. यापुढे गप्प बसून पाहणार नाही. येत्या उन्हाळ्यात खेळाडू-नोंदणीची विंडो उघडेल, त्या दिवसापर्यंत तुम्हाला मुदत आहे. तोवर काय करायचं ते पुढे सांगतो, आणि न केल्यास आम्ही काय करू तेही.

आम्ही म्हणजे तिकीट काढून येणारे लोक. बालेवाडीत नारिंगी शर्ट घालून बसलेले, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात आणि फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर घसा कोरडा करणारे, कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस पाहत वाढलेले. आणि आमच्यातले कित्येक जण आता आपल्या मुलामुलींना रविवारी सकाळी अकादमीच्या मैदानावर सोडायला जाणारे पालक आहेत. क्लबांच्या ताळेबंदात आमचं नाव कुठेच नसतं, तरी त्यांच्या तोट्याची झळ आम्हाला बसते.

आधी अन्वर अलीचं प्रकरण घेऊ, कारण भारतीय फुटबॉलमधला हा सगळ्यात महागडा धडा आहे आणि तो कोणी शिकल्याचं दिसत नाही. अन्वर पंजाबचा, जागतिक दर्जाच्या जवळ जाऊ शकेल असा बचावपटू. २०१९ मध्ये मुंबई सिटीने त्याला घेतलं आणि वैद्यकीय तपासणीत हृदयाचा आजार निघाला. महासंघाने त्याचं खेळणं थांबवलं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, डॉक्टर, समित्या, अर्जविनंत्या हे सगळं पार करून मैदानावर परतला, एफसी गोवाकडून खेळला, भारताच्या संघात आला. त्याची मालकी दिल्ली एफसीकडे होती. २०२३ मध्ये दिल्ली एफसीने त्याला मोहन बागानकडे लोनवर दिलं, तेही तब्बल चार वर्षांसाठी. जुलै २०२४ मध्ये अन्वरने तो करार एकतर्फी मोडला, आणि लगोलग दिल्ली एफसीने त्याला पाच वर्षांसाठी ईस्ट बंगालच्या हवाली केलं. कोलकात्यात हिरवा-मरून शर्ट उतरवून लाल-पिवळा चढवणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

१० सप्टेंबर २०२४ ला महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीने निकाल दिला. करार योग्य कारणाशिवाय मोडला, म्हणून अन्वरवर चार महिन्यांची बंदी. ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी या दोघांना दोन विंडोंमध्ये नवे खेळाडू नोंदवायला मनाई. आणि तिघांनी मिळून मोहन बागानला १२.९० कोटी रुपये भरपाई द्यायची. उरलेल्या कराराची किंमत म्हणून ८.४० कोटी, लोनपोटी दिल्ली एफसीला आधीच दिलेले २ कोटी, आणि इतर नुकसानीचे २.५० कोटी, असा तो हिशेब होता.

हा आकडा नीट बघा. हे क्लब ज्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळतात, तिथे काही हंगाम संपूर्ण संघाच्या पगाराची कमाल मर्यादा १६.५ कोटी होती. म्हणजे एका संघाच्या वर्षभराच्या पगाराचा पाऊण भागाहून मोठा हिस्सा एका बचावपटूच्या वादात अडकला. महासंघाला लीगच्या व्यावसायिक हक्कांपोटी वर्षाला ५० कोटी मिळत होते. त्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहूनही हा दंड मोठा होता. एवढी जबर शिक्षा देताना निकालपत्रात सविस्तर कारणं नव्हती. तीन दिवसांत दिल्ली उच्च न्यायालयापुढे महासंघाला तो आदेश मागे घ्यावा लागला. अन्वर सप्टेंबर संपण्याआधी ईस्ट बंगालकडून मैदानात उतरला, आणि मग फेरसुनावणी, पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख.

कोणाची बाजू खरी हे ठरवायला मी बसलेलो नाही. करार मोडला गेला हे खरं. पण चार वर्षांचं लोन नियमात बसतं का, हा समोरच्यांचा सवालही पोकळ नव्हता. फिफाने जुलै २०२२ पासून लोनची कमाल मुदत एक वर्ष केली आणि देशोदेशीच्या महासंघांना आपले नियम त्याप्रमाणे बदलायला तीन वर्षं दिली. त्याच मधल्या काळात आपल्याकडे चार वर्षांच्या लोनवर सह्या झाल्या. दोन्ही क्लबांकडे कायद्याचे जाणकार होते, एजंट होते, आणि महासंघाच्या नोंदणी-प्रणालीत तो करार चढवणारं कोणीतरी होतं. त्यातल्या एकालाही हा कागद पुढे कोर्टात उलगडला जाईल अशी शंका आली नाही? वाद २०२४ मध्ये सुरू झाला असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो २०२३ मध्ये सही झाली त्याच दिवशी सुरू झाला, आणि त्या सहीची जबाबदारी घ्यायला आजवर कोणी पुढे आलेलं नाही.

ईस्ट बंगालने त्या मोसमातले लीगचे पहिले सहा सामने गमावले. त्या पराभवांचं खापर मी या वादावर फोडणार नाही, तसं म्हणणं सोपं आणि अप्रामाणिक ठरेल. पण आपल्या संघात उद्या कोण खेळू शकेल हे प्रशिक्षकाला कोर्टाच्या कामकाजातून कळत असेल, तर त्या क्लबने तयारी कशाची आणि कशी करायची? आणि दुसऱ्या बाजूला मोहन बागानने अन्वरशिवाय लीग शील्डही जिंकली आणि चषकही. मैदानावर ज्याचं उत्तर मिळालं होतं, त्यासाठी कागदोपत्री लढाई चालूच राहिली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ते सांगणं ज्याला स्वतःच्या खिशातून वकिलाची फी द्यावी लागते त्याच्यासाठी आहे. क्लबचा मालक ती पायरी प्रतिष्ठेसाठी चढतो आणि फी क्लबच्या खात्यातून जाते. म्हणून मला त्या खात्याबद्दल बोलायचं आहे.

क्लबच्या खात्यातून अचानक मोठी रक्कम बाहेर जायची वेळ आली की काय होतं, याचं अगदी जवळून पाहावं असं उदाहरण केरळचं आहे. तिथे वाद ट्रान्सफरचा नव्हता, पण पैशाची वाट तीच होती. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत प्लेऑफचा सामना सुरू असताना सुनील छेत्रीच्या झटपट फ्री-किकवरून केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून निघून गेला. महासंघाने ४ कोटींचा दंड ठोठावला. निर्णय पुरुष संघाचा, प्रशिक्षक पुरुष संघाचा, राग पुरुष संघाचा. जून उजाडला आणि क्लबने आपला महिला संघ तात्पुरता बंद केल्याचं जाहीर केलं. कारण म्हणून या आर्थिक दंडाकडेच बोट दाखवलं. त्या रात्री बंगळुरूच्या मैदानावर त्या मुलींपैकी एकही नव्हती. फ्री-किक त्यांनी घेतली नव्हती, मैदान त्यांनी सोडलं नव्हतं. वर्षभर सकाळी उठून सराव करणाऱ्या त्या मुलींना कळलं की आपला संघच राहिला नाही.

मालकहो, तुमच्या प्रत्येक खटल्याच्या शेवटी अशी कोणीतरी उभी असते. कधी महिला संघ, कधी तेरा वर्षांखालच्या मुलांची बस, कधी फिजिओची नोकरी, कधी मैदानावर पाणी मारणाऱ्या माळ्याचे चार महिन्यांचे पैसे. मोठ्या खेळाडूचा पगार करारात बांधलेला असतो, तो थकवला तर फिफा दार ठोठावते. त्यामुळे कात्री तिथेच लागते जिथे ओरडणारं कोणी नसतं.

आता जरा दूर जाऊ, कारण तुमच्यातले काही जण म्हणतील की युरोपातले मोठे क्लब असे खटले सहज पेलतात. वेल्समधल्या कार्डिफ सिटीकडे बघा.

जानेवारी २०१९ मध्ये कार्डिफने फ्रान्समधल्या नांत क्लबकडून एमिलियानो साला हा अर्जेंटिनाचा स्ट्रायकर घेतला. किंमत १ कोटी ७० लाख युरो, तेव्हाच्या दराने १३५ कोटी रुपयांच्या वर. कार्डिफच्या इतिहासातली ती सगळ्यात महागडी खरेदी होती. करार जाहीर झाला, साला आपल्या जुन्या सहकाऱ्यांचा निरोप घ्यायला नांतला गेला, आणि २१ जानेवारीच्या रात्री परत येताना त्याचं छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. सालाचा मृतदेह काही दिवसांनी सापडला. वैमानिक कधीच सापडला नाही. हे उड्डाण ठरवणाऱ्याला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या दुःखानंतर दोन क्लबांमध्ये पैशावरून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं शमलं नाही. कार्डिफचं म्हणणं, ट्रान्सफर पूर्ण झालंच नव्हतं, म्हणून पैसे देणार नाही. नांतचं म्हणणं, आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट निघालं होतं, खेळाडू तुमचा झाला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये फिफाने ६० लाख युरोंचा पहिला हप्ता भरायला सांगितलं. कार्डिफ लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे हरलं. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयातही काही हाती लागलं नाही. हप्ता न भरल्यामुळे नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली. २०२३ मध्ये फिफाने उरलेले १ कोटी १० लाख युरोही द्यायला लावले. म्हणजे चार वर्षं भांडून कार्डिफने अखेर पूर्ण किंमत चुकवली, वर व्याज, वर तीन-तीन पातळ्यांवरच्या वकिलांचं मानधन. ज्या खेळाडूने कार्डिफसाठी एक मिनिटही खेळ केला नाही, त्याच्यासाठी.

यात एक बाब तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. सालाच्या विम्याची सोय वेळेत झालेली नव्हती. त्यावरून कार्डिफला विम्याच्या मध्यस्थावर वेगळा खटला भरावा लागला. करार जाहीर करताना छायाचित्रकार बोलावले जातात, शर्ट हातात धरला जातो, आणि विम्याचा कागद सोमवारवर ढकलला जातो. भारतातल्या किती क्लबांमध्ये सहीच्या क्षणापासून खेळाडूचा विमा लागू होतो? हा प्रश्न मी जाहीरपणे विचारतो आहे आणि मला उत्तर हवं आहे.

कार्डिफ इथेही थांबलं नाही. त्यांनी नांतच्या व्यापार न्यायालयात उलट दावा ठोकला, १० कोटी युरोंहून मोठा. सालाच्या प्रवासाची व्यवस्था नांतच्या बाजूने काम करणाऱ्यांनी केली, त्याच्या जाण्याने आम्ही प्रीमियर लीगमधून खाली आलो आणि तिथलं उत्पन्न बुडालं, असं त्यांचं म्हणणं. त्याची सुनावणी डिसेंबर २०२५ मध्ये झाली, म्हणजे विमान पडल्यानंतर जवळपास सात वर्षांनी. दरम्यान क्लबची अवस्था काय? २०१९ मध्ये कार्डिफ प्रीमियर लीगमधून अवघ्या दोन गुणांनी उतरला. २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतही तळाला जाऊन तिसऱ्या श्रेणीत घसरला. खटल्यामुळेच घसरला असं कोणी म्हणू नये, घसरण्याची कारणं अनेक असतात. पण एखादी संस्था सात वर्षं एकाच जखमेभोवती हिशेब करत राहिली, की संघ बांधायला लागणारं मन आणि पैसा कुठून आणणार?

जिंकूनही पैसे मिळतील याची खात्री नसते, हेही ऐका. रोमानियाच्या आद्रियान मुतूला चेल्सीने २००४ मध्ये उत्तेजक चाचणीनंतर काढलं. २००८ मध्ये फिफाने त्याने चेल्सीला १ कोटी ७१ लाख युरो द्यावेत असा निकाल दिला. लवादातही चेल्सी जिंकली. एका खेळाडूकडून एवढी रक्कम येणार कुठून? मग त्याच्या पुढच्या क्लबांकडून, युव्हेंटस आणि लिव्होर्नोकडून ती वसूल करायचा घाट घातला गेला, आणि २०१५ मध्ये लवादाने तोही फेटाळला. अकरा वर्षांत चेल्सीला निकाल मिळाले, वसुलीचं काय ते वाचकांनीच बघावं. चेल्सीच्या तिजोरीला ते परवडलं. आपल्याकडच्या एकाही क्लबला परवडणार नाही.

शिवाय ज्या नियमाच्या भरवशावर तुम्ही कोर्टात उभे राहता, त्याच्याच पायाखालची जमीन सरकली आहे. लसाना दियारा याने २०१४ मध्ये लोकोमोटिव्ह मॉस्को सोडलं. फिफाने त्याला १ कोटी ५ लाख युरो भरायला सांगितले. बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण नवा क्लबही भरपाईला जबाबदार धरला जाईल आणि नोंदणीबंदी येईल या धास्तीने मागे हटला. दियाराचं उमेदीचं वर्ष वाया गेलं. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय न्यायालयाने फिफाचे हे नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले, आणि फिफाला २०२५ च्या सुरुवातीपासून जगभरासाठी तात्पुरती नवी चौकट आणावी लागली. आता नव्या क्लबने खेळाडूला फूस लावली हे गृहीत धरता येत नाही, सिद्ध करावं लागतं. जुन्या नियमांवर आकडे मांडून बसलेल्या भारतीय क्लबांनी आणि समितीनेही हे समजून घ्यावं. कालच्या खटल्याचा दाखला उद्याच्या निकालाची हमी देत नाही.

पुण्याबद्दल मला बोललंच पाहिजे. एफसी पुणे सिटीने २०१८ मध्ये नेस्टर गोर्डिलो या स्पॅनिश खेळाडूला घेतलं. चेन्नईयिनचा दावा होता की त्याने आधी आमच्याशी करार केला आहे. प्लेयर्स स्टेटस कमिटीने गोर्डिलोवर चार महिन्यांची बंदी घातली आणि पुण्याला काही काळ नवे खेळाडू नोंदवायला मनाई केली. आदल्याच मोसमात हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता, बालेवाडीत रस्त्यावर गाड्या लावायला जागा नसायची. २०१९ मध्ये क्लब बंद पडला. मालकांची आर्थिक स्थितीच कोसळली होती, एका खेळाडूच्या वादाने क्लब बुडाला असं मी म्हणत नाही. पण तिजोरी रिकामी होत असताना ज्या क्लबचे व्यवस्थापक करारांच्या भांडणात गुंतलेले असतात, त्या क्लबच्या प्रेक्षकाला धोक्याची घंटा वेळेवर ऐकूच येत नाही. आम्हाला ती ऐकू आली नाही. पुढच्या वर्षीचं सीझन तिकीट कधी निघणार म्हणून लोक विचारत होते, तेव्हा क्लब राहिलेलाच नव्हता.

त्याच जागी हैदराबाद एफसी आला. मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून तो विजेता झाला. दोनच वर्षांत काय झालं? खेळाडूंचे पैसे थकले, खेळाडू फिफाकडे गेले, फिफाने नोंदणीबंदी लावली. २०२३-२४ च्या मोसमात मोठी नावं एकेक करून निघून गेली, त्यांच्या जागी कोणाला नोंदवता येईना, आणि कोवळी पोरं मैदानात उभी करावी लागली. २२ सामन्यांत एक विजय, एकूण ८ गुण, तळाचं स्थान. २०२५ मध्ये तो क्लब शहर सोडून दिल्लीला गेला आणि नावही बदललं. पुण्याचा क्लब हैदराबादला गेला, हैदराबादचा दिल्लीला. दोन शहरांतल्या पोरांनी आपापल्या क्लबचे शर्ट कपाटात ठेवून दिले आहेत.

आणि हे सगळं कोणत्या काळात चाललं आहे ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. लीगच्या हक्कांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधीच्या उन्हाळ्यात पुढे काय याचा पत्ता नव्हता, बंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले, चेन्नईयिनने कामकाज स्थगित केलं. हंगाम महिनोन्‌महिने लांबला. घरात दाणा नसताना भाऊबंदकीचा दावा लढवणाऱ्या घराण्यासारखी ही गत आहे, आणि तुम्ही अजूनही पुढच्या दाव्याची कागदपत्रं तयार करता आहात.

तर आता आमच्या मागण्या ऐका. यात घासाघीस होणार नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी हिशेबाची आहे. तुमचे क्लब कंपन्या म्हणून नोंदलेले आहेत. वाद निघाला की लेखापरीक्षक दोन प्रश्न विचारतो: पैसे द्यावे लागण्याची शक्यता किती, आणि द्यावे लागले तर किती. उत्तराप्रमाणे ती रक्कम एकतर तरतूद म्हणून बाजूला काढायची असते, नाहीतर संभाव्य देणं म्हणून टिपणीत दाखवायची असते. हे कागद तुमच्याकडे आहेतच. ते ताळेबंदाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दडवून ठेवू नका. क्लबविरुद्ध आणि क्लबने दाखल केलेले सगळे खेळाडूविषयक दावे, प्रत्येकातली रक्कम, आजवर वकिलांवर झालेला खर्च, आणि हरल्यास पैसे कुठून येणार, हे एका पानावर मराठीत, हिंदीत, बंगालीत, मल्याळममध्ये, कोंकणीत, आपापल्या प्रेक्षकाच्या भाषेत जाहीर करा. गोपनीयतेचं कारण पुढे करू नका. खेळाडूचा पगार आम्ही विचारत नाही, तुमची देणी विचारतो आहोत.

दुसरं, युवा आणि महिला संघांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि दंड, भरपाई, वकिली खर्च यासाठी त्याला हात लावणार नाही असं संचालक मंडळाच्या ठरावाने बांधून घ्या. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात, हे फिफाने उगीच ठरवलेलं नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आमच्या गल्ल्यांमध्ये आईबाप पोरांना बूट घेऊन देताना दोनदा विचार करत नाहीत. त्यांचा हा विश्वास म्हणजे वकिलांच्या फीसाठी ठेवलेलं तारण आहे असं समजू नका.

करारांबद्दल थोडक्यात. वर्षाहून लांब लोन बंद. आधीच्या क्लबची लेखी सुटका हातात आल्याशिवाय नव्या खेळाडूची घोषणा बंद. सहीच्या क्षणापासून विमा. यातलं एकही काम अवघड नाही.

महासंघासाठी एकच मागणी, पण ती पाळणं तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. प्लेयर्स स्टेटस कमिटीचा निकाल विंडो बंद होण्याआधी आला पाहिजे आणि त्यात कारणं लिहिलेली असली पाहिजेत. कारणं न देता १२.९० कोटींचा दंड लावायचा आणि कोर्टाने हटकलं की मागे घ्यायचा, याने दोन्ही क्लबांचं नुकसान होतं आणि खेळाडूची उमेदीची वर्षं जातात. हृदयाच्या आजारावर मात करून आलेल्या मुलाला तुम्ही तारखांच्या हवाली केलंत. समितीवर निवृत्त न्यायाधीश नेमा, करारकायद्याचे जाणकार नेमा, खेळाडूंचा प्रतिनिधी घ्या, तो खर्च एका फसलेल्या आदेशाहून कमी येईल.

मुदत सांगितलेलीच आहे: उन्हाळी विंडोचा पहिला दिवस. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्या क्लबने आपलं ते एक पान जाहीर केलेलं नसेल, त्याचं सीझन तिकीट आम्ही घेणार नाही, त्याचा शर्ट विकत घेणार नाही, आणि इतरांनीही घेऊ नये म्हणून स्टेडियमच्या दारात उभे राहू. त्याच्या प्रत्येक प्रायोजकाला पत्र जाईल, आणि त्या पत्रात एवढंच विचारलेलं असेल की तुमचा पैसा सरावाच्या मैदानावर खर्च होतो की कोर्टात, हे तुम्हाला माहीत आहे का. आणि अकादमीच्या नव्या वर्षाच्या प्रवेशअर्जावर पालकाच्या सहीची जागा आम्ही कोरी ठेवू. अर्ज भरलेला असेल, मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो सगळं जागच्या जागी असेल. सही तुमचं पान वाचल्यावर होईल.